उभी गाठ

मिसाओचा नवा सिनेमा लागला की तिची थोरली बहीण तोकिए सकाळीच भाताचे गोळे वळायची, प्रत्येकात खारातला आंबट आलुबुखार दाबायची, सगळं रुमालात बांधायची आणि थिएटरात जाऊन बसायची. त्या काळी एकदा तिकीट काढलं की दिवसभर कुणी उठवत नसे. पहिल्या खेळाला ती बहिणीच्या चुका शोधायची. पुढच्या खेळाला त्या पुन्हा तपासून बघायची. आणि मग केव्हातरी तिच्या लक्षात यायचं की आपण जिला चूक म्हणून धरून बसलोय, नेमकं तिथंच शेजारची बाई डोळे पुसतेय. त्यानंतर उरलेला भात तिच्या घशाखाली उतरत नसे.

"कसा होता?" घरी आल्यावर नवरा विचारायचा.

"कोण बघत होतं? बाहेर थंडी होती, म्हणून आत जाऊन बसले."

"जुलै चालू आहे."

तिचा नवरा गेन्पेई हा असा माणूस. रंगमंचावर लोकांचे गळे कापायचा, घरी माशी मारायची तरी बायकोला हाक मारायचा. पण बायकोच्या पोटात कुठं दुखतंय हे त्याला नेमकं ठाऊक होतं आणि दुखतं तिथंच बोट ठेवायची त्याला खोड होती.

तोकिएसुद्धा नटीच होती, हे सांगायला हवं, कारण क्युशू बेटाबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिचा बाप कागेयामा रायझो फिरती नाटक मंडळी चालवायचा. घरातले-बाहेरचे सगळेच त्याला मालक म्हणायचे, पोटच्या मुलीसुद्धा. कोळशाच्या खाणींच्या गावोगाव मंडळी फिरायची, एका गावात महिनाभर मुक्काम. ज्या थिएटरात खेळ, त्याच्याच रंगपटात संसार. आरशापुढे पांढऱ्या रंगाचे डबे, मागे शेगडीवर भाजणारे बांगडे, आणि दोरीवर राजकन्येच्या किमोनोशेजारी मालकांची लंगोटी. तोकिए जन्मलीसुद्धा दोन अंकांच्या मधे. आईनं पुढच्या अंकात काम केलं की नाही यावर मंडळीत दोन मतं होती.

नाटक रोज वेगळं. आणि ते कागदावर नसायचं. सकाळी भात खाता खाता मालक तोंडी सांगायचे, "तू येतोस, ती रडतेय, तू म्हणतोस अमुक, ती म्हणते तमुक," आणि सगळ्यांनी ते कानानं उचलायचं. संध्याकाळी पडदा वर. तोकिएचा कान असा तयार की मालकांचा खोकलासुद्धा ती संवादात धरायची. धाकटी मिसाओ कानानं मंद. एक वाक्य दहादा सांगावं लागे. पण तिचा डोळा भलता तीक्ष्ण. विंगेत उभी राहून ती माणूस आख्खा टिपायची. चालणं, मान, बोटं, सगळं. मालक म्हणायचे, "एकीला कान दिले, एकीला डोळे. दोघी मिळून एक धड नटी झाली असती."

ते तोकिएला झोंबायचं. ती स्वतःला धड समजत होती.

तिची गाजलेली भूमिका म्हणजे 'धक्क्यावरची आई'. नदीच्या धक्क्यावर खाणावळ चालवणारी बाई. गरिबीत दुसऱ्यांना देऊन टाकलेला तिचा मुलगा मोठा होऊन, तिला न ओळखता, तिच्याच खाणावळीत जेवतो आणि होडी धरून कायमचा दूर निघतो. आईनं काही बोलायचं नाही, फक्त शिदोरी बांधून द्यायची. तोकिए तेव्हा विशीची आणि तिचा मुलगा झालेला गेन्पेई तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण त्या मंडळीत असल्या गोष्टी कुणी मोजत नसे.

नोगाता गावातली गोष्ट. खाणीला सुट्टी होती, थिएटर गच्च भरलं होतं. त्या आठवड्यात मालकांनी नाटकांचा नुसता मारा केला होता. शिदोरी बांधता बांधता तोकिएच्या डोक्यातली पाटी कोरी झाली. पुढचं वाक्य कुठलं? डोंगर उतरताना जपून जा, हे या नाटकातलं की कालच्या? ती आठवत राहिली आणि हातांनी भलतंच केलं. रुमालाची गाठ उभी बसली, टोकं वर आणि खाली.

पुढच्या रांगेत संत्रं सोलत बसलेली एक म्हातारी ओरडली, "अगं बये, उभी बसली! उभी!"

सगळं थिएटर गप्प झालं. उभी गाठ मढ्याच्या कपड्यांना मारतात. जित्या माणसाच्या वस्तूला ती चुकून बसली तर घरची बाई आधी थुंकते आणि मग सोडते.

तोकिएनं खाली पाहिलं. अंगावर काटा आला, तो नाटकाचा नव्हता. तिनं दोन्ही हातांनी गाठ सोडली आणि तोंडाला जे आलं ते म्हणाली, "सैल बसली बघ. थांब हं जरा." मग पुन्हा बांधली, आडवी, हळूहळू, टोकं सारखी करत. तेवढ्यात वाक्यही आठवलं. ते म्हणून तिनं वर पाहिलं तर खाणीतले काळे-निळे गडी बाह्यांनी नाकं पुसत होते. कागदात गुंडाळलेली नाणी रंगमंचावर टपाटप पडायला लागली. एक गेन्पेईच्या कानावर बसलं आणि होडीत चढणारा मुलगा खराखुरा कळवळला.

खेळ झाल्यावर मालक तिच्या आरशापाशी आले. "ती गाठ ठेव," म्हणाले आणि गेले. आयुष्यात त्यांनी कुणाचं याहून जास्त कौतुक केलं नव्हतं.

तेव्हापासून तोकिए मुद्दाम उभी गाठ मारायची. ती लोकांना दिसेल इतकं थांबायची. स्वतःला दिसल्यासारखं करायची, दचकायची आणि सोडायची. आता बघा, त्या मंडळीत कुणाचं काहीच नव्हतं. किमोनो सगळ्यांचे, नाटकं मालकांची, नावसुद्धा मालकांचं. त्या गाठीवर मात्र तिचा हक्क होता. ती तिला सापडली होती, तिच्या हातांतून आली होती. कुणी तिला विचारलं असतं की तुझं स्वतःचं असं काय आहे, तर तिनं दुसरं काही सांगितलं नसतं.

नोगाताच्या त्या खेळानंतर मिसाओ त्या नाटकात खाणावळीची मोलकरीण व्हायला लागली. वाडगे उचलून ती आत जायची आणि मग हातातलं तबक न ठेवता विंगेत उभी राहून बघायची. तिथून तिला तोकिएची पाठ दिसायची आणि दोन कोपरं. गाठ दिसायची नाही.

मग एके सकाळी तोकिए उठली ती मुकी होऊन. घसा सुजला होता. मंडळीतल्या बायकांनी कांद्याची पात भाजून, फडक्यात घालून तिच्या गळ्याभोवती गुंडाळली. संध्याकाळी 'धक्क्यावरची आई' लागलं होतं.

"मिसाओ उभी राहील," मालक म्हणाले. "शिकव तिला."

आवाज नव्हता, म्हणून तोकिएनं मिसाओच्या कानाशी तोंड नेऊन सगळी भूमिका कुजबुजत सांगितली. आत कशी येतेस, मुलाला कशावरून ओळखतेस, भात वाढताना हात कुठं थबकतो. तिनं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. शिदोरीपाशी येऊन ती थांबली. पाण्याचा घोट घेतला.

"मग शिदोरी बांधायची आणि द्यायची."

"बस?" मिसाओनं विचारलं.

"बस."

मिसाओनं तिच्याकडे नीट पाहिलं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती, पण तिचा तो डोळा वयाबरोबर वाढलेला नव्हता, तो जन्मतःच तसा होता.

संध्याकाळी तोकिए गादीवर पडून होती. नाटकाचा आवाज भिंतीतून येत होता, वाक्यं तिची आणि गळा दुसऱ्याचा. शिदोरीचा प्रसंग आला तशी ती उठली, पातीचा वास मारत विंगेत जाऊन उभी राहिली. आता बघू, म्हणाली मनात. बांधेल, देईल, आणि लोक जांभया देतील.

मिसाओनं शिदोरी बांधली. थांबली. सोडली. "सैल बसली बघ," ती म्हणाली, "थांब हं जरा."

थिएटरात हुंदके फुटले. तोकिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर! तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली.

त्या गर्दीत क्योतोच्या एका सिनेमा कंपनीचा माणूस बसला होता. मावशीच्या वर्षश्राद्धाला गावी आला होता, आणि नातेवाईकांचा कंटाळा आला म्हणून नाटकाला येऊन बसला. खेळ संपल्यावर तो रंगपटात आला, मालकांना लवून नमस्कार केला आणि त्यांच्याशी बराच वेळ बोलला. गळ्यात कांद्याची पात बांधून कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे त्यानं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी वासानं पळाला असता.

मिसाओ क्योतोला निघाली त्या दिवशी तोकिएनं तिची शिदोरी बांधली. आडवी, एका झटक्यात, कचकचून. "बघ," गेन्पेई तिच्या कानात म्हणाला, "दातांनीही सुटणार नाही." तो मंडळीत तेव्हा तिच्या अवतीभवतीच घुटमळत असे.

"सुटू नये म्हणूनच बांधतात," तोकिए म्हणाली.

मिसाओ आधी मोलकरीण झाली, मग नायिकेची धाकटी बहीण, मग नायिका. भिंतींवर तिचे मोठमोठे चेहरे लागले, सिनेमासाठी घेतलेलं नाव 'हात्सुसे मिसाओ'. आणि मग तो सिनेमा आला. मंडळीतल्या नाटकासारखीच कथा, फक्त नदीऐवजी रेल्वे स्टेशन. मिसाओनं पडद्यावर शिदोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली, आणि सगळा जपान रडला. वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं, 'मिसाओची गाठ'. दुकानांतल्या पोरी सामान बांधताना लाडिकपणे म्हणायला लागल्या, "सैल बसली बघा, थांबा हं जरा." तोकिएला असल्या दुकानातून एकदा मुळा विकत घ्यावा लागला. तो तिनं शेजारणीला देऊन टाकला.

"पण ती आडवीच बांधते!" ती गेन्पेईला म्हणायची. त्यांचं तोवर लग्न झालं होतं. "पहिल्यांदाच नीट बांधते. नीट बांधलेली गाठ सोडायची कशाला? डोकं फिरलंय का त्या आईचं?"

"मुलाला जाऊ द्यायचं नाही तिला. म्हणून वेळ काढते. असं लिहिलंय पेपरात."

"पेपरवाल्यांना काय कळतंय! आईला गाठ दिसते, उभी. मढ्याची. ती घाबरते. म्हणून सोडते. वेळ कसला काढतेय? जीव चाललाय तिचा!"

"मग पत्र टाक तिला. कळव."

"मी? मी कळवू?" तोकिए हातातला चमचा आपटायची. "अर्धीच चोरता आली, तर अर्धीवरच राहू दे."

त्या अर्ध्या चोरीवर ती कितीतरी वर्षं जगली. बाकी सगळं बहिणीकडे गेलं होतं. बंगला, मोटार, प्रेमप्रकरणं, एक झगमगीत लग्न आणि त्याहून झगमगीत घटस्फोट. पण गाठीतलं गुपित इकडेच होतं. पडद्यावर मिसाओचे हात दिसले की तोकिए अंधारात पुटपुटायची, "आडवी. आडवीच," आणि तिला क्षणभर बरं वाटायचं. क्षणभरच, कारण मग कॅमेरा मिसाओच्या डोळ्यांवर जायचा.

हळूहळू सिनेमानं फिरत्या मंडळ्या खाल्ल्या. नोगाताच्या थिएटरात खुर्च्या ठोकून पडदा लावला, आणि पहिला सिनेमा कुणाचा लागला हे सांगायला नको. मालक गेले. मंडळी गेन्पेईकडे आली, म्हणजे उरलेली सहा माणसं आणि किमोनोंचे पेटारे. तोकिएनं 'धक्क्यावरची आई' करायचं सोडून दिलं. लोक मागायचे, ती म्हणायची, किमोनो फाटलाय.

एकदा ती केस सेट करायला बसली होती. रेडिओवर मिसाओची मुलाखत चालली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, ती गाठ तुम्हाला सुचली कशी? मिसाओ हसली. ते हसूही पूर्वीचं नव्हतं, तेही पैसे देऊन शिकलेलं वाटत होतं. "काय सांगू," ती म्हणाली, "एका संध्याकाळी रंगमंचावर उभी होते, आणि हातांना आपोआप सुचलं."

"आपोआप!" तोकिए ताडकन उठली. केसांत रोलर तसेच, गळ्याला टॉवेल तसाच, ती भर बाजारातून घरी चालत गेली. न्हावीण मागून ओरडत राहिली. तो आठवडाभर गेन्पेईनं जेवताना रेडिओ लावला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते जड गेलं असणार.

शेवटी मंडळी बेप्पूला स्थिरावली, गरम झऱ्यांच्या गावी, एका मोठ्या स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर. लोक खाली न्हाऊन, सुती झगे घालून वर यायचे, चटईवर लोळत बिअर आणि उकडलेली अंडी घेऊन नाटक बघायचे. गेन्पेईनं एक दिवस बायकोला न विचारता पडद्यापुढे जाऊन जाहीर करून टाकलं, उद्या 'धक्क्यावरची आई'.

"तुम्हाला मरण कसं येत नाही?" तोकिए म्हणाली.

"येईल. त्याआधी एकदा बघायचंय." तो आता मुलाचं काम करण्याच्या पलीकडे गेला होता, नावाडी होणार होता. "पन्नाशीची झालीस. आता कुठं तू त्या आईच्या वयाची झालीस बघ."

तिनं केलं. हात विसरले नव्हते. गाठ उभी बसली, ती थांबली, दचकली, सोडली. चटईवर लोळणारी माणसं उठून बसली. कुणाच्यातरी हातातलं अंडं तसंच राहिलं. असं रडणं तिनं नोगातानंतर ऐकलं नव्हतं, आणि आडवी गाठ आवळताना ती स्वतःशी म्हणाली, आता कळेल, आता सगळ्यांना कळेल कुणाची ते.

खेळ झाला की रंग न पुसता दारात उभं राहून प्रेक्षकांना निरोप द्यायचा, ही या मंडळ्यांची जुनी रीत. तोकिए दारात उभी होती. एक म्हातारी आली, डोळे लाल, नाक लाल. तिनं तोकिएचे दोन्ही हात हातांत घेतले.

"काय केलंत हो! हुबेहूब! हुबेहूब मिसाओ-सान!"

तोकिएचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, रंगानं धरून ठेवल्यासारखं.

"सिनेमा कितीदा बघितलात?" म्हातारीनं विचारलं. "त्याशिवाय इतकं जमायचं नाही. तिची सर येणार नाही म्हणा, पण छान, फार छान."

"आभारी आहे," तोकिए म्हणाली आणि कंबरेत लवली. रीत होती, लवावं लागतं. मागून येणारेही तेच म्हणत होते. ती लवत राहिली.

आत जाऊन तिनं चेहरा असा घासला की गेन्पेई म्हणाला, "अगं, कातडं ठेव थोडं."

पुढच्या वसंतात गेन्पेई खरंच गेला, झोपेत, कुणालाही त्रास न देता. नाटक मात्र चालू राहिलं, कारण लोक ते बघायला यायचे. बेप्पूतली बाई मिसाओची नक्कल छान करते, अशी ख्याती झाली होती.

त्या शरदात एका दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत एक बाई बसली होती, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. बाकीचे लोळत होते, ती ताठ बसली होती. खेळानंतर ती दारातून गेली नाही. रंगपटात आली आणि मास्क काढला. मिसाओ वाळली होती. गालांची हाडं वर आली होती, तरी मेली सुंदरच दिसत होती.

"ताई."

"वाट चुकलीस?"

"बसू?"

"चटई सगळ्यांची आहे."

मिसाओनं मिठाईचा डबा पुढे ठेवला, रुमालात बांधलेला. तोकिएनं आधी गाठ पाहिली. आडवी, सुरेख. तिनं डबा उघडला नाही.

"तू दिलेली शिदोरी आठवते?" मिसाओ म्हणाली. "सुटलीच नाही. क्योतोपर्यंत उपाशी गेले मी. शेजारच्या माणसानं सुरी देऊ केली होती, पण तुझा रुमाल कापवेना."

"कापायचा होतास. जुनाच होता."

खालून न्हाणाऱ्या बायकांचा गलका येत होता.

"पुढच्या वर्षी तोक्योत मोठ्या थिएटरात 'आई' करतेय," मिसाओ म्हणाली. "सिनेमा नाही, नाटक. तालमी सुरू आहेत आणि ती गाठ जमत नाहीये, ताई. सिनेमात डोळ्यांवर निभावलं. इतक्या लांबून डोळे कोणाला दिसणार? हातांनी करायला हवं. आणि माझे हात नुसते बांधतात नि सोडतात. आज मागच्या रांगेतून तुझी गाठ मला दिसली नाही, आता लांबचं धुरकट दिसतं, तरी तुझं बघून मला रडू आलं. माझं बघून मला कधी आलं नाही. तू काय करतेस?"

तोकिएनं इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर चटईवर बसलं होतं. तिला वाटलं होतं, हे घडलं की थंडावा मिळेल. पण ती उलट आणखीच पेटली.

"आधी सांग, गाठ कोणाची?"

"तुझी," मिसाओ लगेच म्हणाली. "तुझीच. मला काय ठाऊक नाही? पण तूही सांग, त्या दिवशी सगळं शिकवलंस, तेवढंच का गाळलंस?"

"माझं होतं म्हणून."

"आणि मी उचललं, कारण तू गाळलंस म्हणून. तू सांगितलं असतंस ना, तर मी घाबरून चुकले असते."

"इथं मला सांगून काय उपयोग? रेडिओवर आपोआप सुचलं होतं ना तुला? आता तसंच सगळ्यांपुढे सांग. पडद्यापुढे येऊन. ही गाठ माझ्या बहिणीची आहे म्हणून."

"सांगते. पहिल्या खेळाला सांगते. तू पुढच्या रांगेत बस. पण आधी शिकव."

"आधी सांग."

"ताई, आधी शिकवल्याशिवाय खेळ कसा होईल?"

"आणि शिकवल्यावर तू कशाला सांगशील?"

मिसाओ हसली. या खेपेचं हसू जुनं होतं, तबक हातात धरून विंगेत उभ्या राहणाऱ्या पोरीचं. "तू बदलली नाहीस."

"तू तरी कुठं?"

"एवढं तरी सांग. ती आई गाठ का सोडते? काय होतं तिला?"

ओठांवर आलं होतं. तोकिएनं ते गिळलं. "सैल बसते," ती म्हणाली. "तोंडानं तेच म्हणतो ना आपण? सैल बसते, दुसरं काय."

मिसाओनं तिच्याकडे नीट पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसं. मग तोंडाला मास्क लावला, लवून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. उतरताना कठड्याला धरून मध्येच थांबली. तोकिएनं ते पाहिलं आणि म्हटलं, नाटकं.

ती नाटकं नव्हती. पहिला खेळ झालाच नाही. थंडी सरायच्या आत तोक्योहून फोन आला.

मिसाओला मूलबाळ नव्हतं. रक्ताचं माणूस म्हणून अंत्यविधीला तोकिएलाच पुढे बसवलं. मोठी खोली माणसांनी भरली होती. दिग्दर्शक, नट, नट्या, सगळे काळ्या कपड्यांत गुडघे मोडून बसलेले. मिसाओला पांढरा किमोनो घातला होता, डावी बाजू आत, उजवी वर, मेलेल्याला घालतात तसा. अंत्यविधीच्या माणसानं पोटऱ्यांना गुंडाळायच्या पांढऱ्या पट्ट्या तोकिएच्या हातात दिल्या. लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या पायाला घरच्यांनी बांधायच्या असतात.

"गाठ उभी मारा," तो हळूच म्हणाला. "बऱ्याच जणांना ती नेमकी जमत नाही."

"मला जमते," तोकिए म्हणाली.

तिनं एका पायाला पट्टी गुंडाळून तिची नाडी बांधली. गाठ उभी बसली, टोक वर, टोक खाली, चोख. आणि तिच्या हातांनी तिला न विचारता ती सोडून टाकली.

"सैल बसली बघ," तिच्या तोंडून निघून गेलं. "थांब हं जरा."

सैल मुळीच नव्हती. नाडीची टोकं हातात धरून ती तशीच बसली. मागे कुणीतरी हुंदका दिला, मग दुसऱ्यानं. अंत्यविधीचा माणूस मान खाली घालून वाट बघत होता.

तोकिए वाकली. पार मिसाओच्या कानापर्यंत वाकली, आणि आवाज नसल्यासारखी कुजबुजली. "ऐक. पहिली उभी बसते. चुकून. आईला ती दिसते, मढ्याची गाठ पोराच्या शिदोरीला. म्हणून सोडते. सैलबिल काही नाही, ते नुसतं त्याला सांगायचं, त्यानं घाबरू नये म्हणून. तुला पाठीमागून दिसली नाही. कळलं? एवढंच होतं."

मिसाओला एक गोष्ट दहादा सांगावी लागायची. तोकिएनं ती पुन्हा सांगितली. मग नाडी पुन्हा उभी बांधली, ओढली आणि हात काढून घेतला.

मागच्या रांगेतली एक तरुण नटी रुमालात तोंड दाबून शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? हुबेहूब मिसाओ-सान."

तोकिएला स्वच्छ ऐकू आलं. कानशिलं तापली, इथं, या खोलीतसुद्धा. तिला वळून ओरडावंसं वाटलं, विचारा हिला, गाठ कोणाची ते, विचारा! मालक नव्हते, गेन्पेई नव्हता, जुन्या मंडळीतलं कुणीच उरलं नव्हतं. गाठ कोणाची हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्याच्याच पायाला ती तिनं आत्ता बांधली होती.

तिनं दुसरी पट्टी उचलली आणि दुसऱ्या पायाकडे सरकली.